कलम खाली येते तेव्हा : दोषसिद्धी सौम्य करण्याची पार्श्वभूमी

पुण्याहून ग्वाल्हेरला आलेल्या पाहुण्याला येथील न्यायालयाच्या आवारात 'दोन्ही पक्षांचा राजीनामा झाला' हे वाक्य ऐकून नवल वाटते, कारण राजीनामा म्हणजे नोकरी सोडण्याचा अर्ज एवढेच त्याला ठाऊक असते. येथील कचेरीच्या भाषेत राजीनामा म्हणजे आपसांतील तडजोड, आणि लष्कर या ग्वाल्हेरच्या भागातील मराठी माणसेही कोर्टकज्ज्यांविषयी बोलताना तो शब्द याच अर्थाने वापरतात. त्यामागोमाग बहुधा एक प्रश्न येतो : शिक्षा तर लागून गेली, आता कलम खाली येईल का? म्हणजे खुनाच्या जागी सदोष मनुष्यवध, घातक हत्याराने केलेल्या गंभीर दुखापतीच्या जागी साधी गंभीर दुखापत, असे काही न्यायालयाकडून होऊ शकेल का? उत्तर आजही कोणत्या एका कायद्यात सापडत नाही. ते दीडशे वर्षांत निरनिराळ्या वाटांनी तयार होत आले आहे.

आरंभी एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. शिक्षा कमी होणे ही एक गोष्ट आणि दोषसिद्धीच सौम्य होणे ही दुसरी. भारतीय न्यायालये पहिली गोष्ट सढळपणे करत आली; जुन्या अपिलांत 'आजवर भोगलेली शिक्षा पुरेशी आहे' असा आदेश तर नित्याचाच आहे. दुसऱ्या गोष्टीच्या बाबतीत मात्र कायदा मुळापासून सावध आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३६२ असे सांगत होते की, निकालावर एकदा सही झाली की लेखनातील वा आकडेमोडीतील चूक सुधारण्यापलीकडे ते न्यायालय आपल्याच निकालाला हात लावू शकत नाही. त्यामुळे शिक्षा भोगून, चांगले वागून, काही वर्षांनी त्याच न्यायाधीशासमोर जाऊन 'आता माझा गुन्हा खालच्या दर्जाचा ठरवा' अशी विनंती करण्याची सोय आपल्याकडे नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात काही गुन्ह्यांपुरती अशी सोय दंडसंहितेतच आहे, आणि इंग्लंडमध्ये १९७४ च्या कायद्याने ठरावीक काळानंतर पुष्कळशा शिक्षा 'सरल्या' असे मानले जाते. भारतात जे काही होते ते वरच्या न्यायालयाच्या दारातून होते.

हे दार जुने आहे. भारतीय दंडसंहिता १८६० ची. ती १८६२ च्या आरंभापासून लागू झाली आणि तिच्या सोबतीने आलेल्या प्रक्रिया संहितांनी अपील न्यायालयाला दोषाचा निष्कर्ष बदलण्याचा अधिकार दिला. १८९८ च्या संहितेतील कलम ४२३, १९७३ च्या संहितेतील कलम ३८६ आणि १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील कलम ४२७ ही एकाच अधिकाराची तीन रूपे आहेत. आरोपीने स्वतः केलेल्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही, हे बंधनही त्यात आहे, आणि वकील अशिलाला धीर देताना बहुधा हेच आधी सांगतात.

या अधिकाराचा सर्वांत गाजलेला जुना वापर मुंबई उच्च न्यायालयातील आहे. १८७६ मधील त्या खटल्यात अठरा वर्षांच्या नवऱ्याने पंधरा वर्षांच्या बायकोला लाथ मारून पाडले, तिच्या छातीवर गुडघा ठेवून तोंडावर दोन-तीन ठोसे मारले आणि मेंदूत रक्तस्राव होऊन ती मरण पावली. दोन न्यायमूर्तींचे मत जुळले नाही, म्हणून प्रकरण न्यायमूर्ती मेलव्हिल यांच्याकडे गेले. त्यांनी सदोष मनुष्यवध आणि खून यांच्या व्याख्या शेजारीशेजारी ठेवून, कृत्यातून मृत्यू येण्याची शक्यता किती मोठी होती यावर फरक उभा केला आणि दोषसिद्धी खुनाखालून काढून सदोष मनुष्यवधाखाली आणली. आज तो निकाल वाचताना त्या मुलीविषयी फारसे काही हाती लागत नाही, हे खटकते. पण 'कलम ३०२ वरून ३०४ वर' हा जो प्रवास आज प्रत्येक उच्च न्यायालयात मागितला जातो, त्याचे व्याकरण तेथे बसले. पुढे १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती विवियन बोस यांनी, घातलेली जखमच घालण्याचा हेतू होता का आणि ती जखम सामान्यतः मृत्यू येण्यास पुरेशी होती का, हे प्रश्न वेगळे करून दाखवले. १९७६ मध्ये न्यायमूर्ती सरकारिया यांनी सदोष मनुष्यवधाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. हत्यार सोबत आणले होते की जागीच उचलले, वार एक की अनेक, भांडण अचानक पेटले की वैर जुने होते, ही आज युक्तिवादात येणारी जंत्री याच परंपरेतून आली आहे.

दुसरी वाट पहिल्यांदाच चुकलेल्या माणसासाठी निघाली. १८९८ च्या संहितेतील कलम ५६२ ने चोरीसारख्या थोड्या गुन्ह्यांपुरती, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची मुभा दिली आणि १९२३ च्या दुरुस्तीने ती रुंदावली. त्यानंतर मद्रास, मध्य प्रांत-वऱ्हाड, मुंबई अशा प्रांतांनी १९३० च्या दशकात आपापले परिवीक्षा कायदे, म्हणजे गुन्हेगाराला तुरुंगाऐवजी अशा हमीवर सोडण्याचे कायदे, केले. ग्वाल्हेर त्या काळी शिंद्यांचे संस्थान होते, येथील न्याय दरबाराचा होता. १९४८ मध्ये मध्य भारत आणि १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाल्यावर जबलपूरला उच्च न्यायालयाचे मुख्यपीठ व इंदूर-ग्वाल्हेरला खंडपीठे अशी आजची मांडणी आली. त्यानंतर लवकरच देशभरासाठी १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम संमत झाला, मात्र तो प्रत्येक राज्याने अधिसूचना काढील त्या तारखेपासून लागू व्हायचा होता.

या तारखांमुळेच एक महत्त्वाचा निकाल घडला. गुडगावकडील एका सोळा वर्षांच्या मुलाला मे १९६२ मध्ये शिक्षा झाली आणि कायदा त्या जिल्ह्यात सप्टेंबर १९६२ मध्ये पोहोचला. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवले की, शिक्षेनंतर आलेला कायदा कठोरपणा कमी करणारा असेल तर अपील न्यायालय त्याचा लाभ देऊ शकते. अधिनियमाच्या कलम ११ मध्ये अपील व पुनरीक्षण (खालच्या न्यायालयाचा निकाल तपासणाऱ्या) न्यायालयांना तसा अधिकार दिलेलाच होता. त्याचा अर्थ या निकालाने उदारपणे लावला.

कलमाचा दर्जा आणि परिवीक्षा या दोन वाटा एकमेकींना कशा मिळतात हे न्यायालयाबाहेर फार थोड्यांना माहीत असते. जन्मठेप होऊ शकेल अशा गुन्ह्याला परिवीक्षेचे कलम ४ लागू होत नाही. घातक हत्याराने गंभीर दुखापत, म्हणजे जुन्या दंडसंहितेचे कलम ३२६, यात जन्मठेपेची तरतूद आहे. हत्याराविना केलेली गंभीर दुखापत, कलम ३२५, यात कमाल सात वर्षे. म्हणून ३२६ चे ३२५ झाले की एकाच वेळी दोन कुलपे उघडतात : परिवीक्षा मागता येते आणि न्यायालयाच्या परवानगीने राजीनामाही करता येतो. चंबळच्या पट्ट्यात शेताच्या बांधावरून फरशी कुऱ्हाड वा लाठी निघालेल्या कितीतरी अपिलांत सारी लढाई या एका आकड्यासाठी असते.

आणि आकडा उतरवता आलाच नाही तर? अशा गुन्ह्यांत राजीनाम्याला संहितेने जागाच ठेवली नव्हती. तडजोड झाली म्हणून शिक्षा कमी करावी, पण दोष तसाच ठेवावा, असा मध्यम मार्ग न्यायालये काढत राहिली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी खासगी स्वरूपाच्या वादांत उच्च न्यायालय आपल्या अंगभूत अधिकाराने कारवाई रद्द करू शकते, असे स्पष्ट केले. शिक्षा झाल्यानंतरही हे चालेल का, हा प्रश्न ज्या प्रकरणांतून सुटला त्यांतले एक येथून जवळच्या मुरैना जिल्ह्यातील आहे. अंबाह येथे २००० साली पैशांच्या वादातून झालेल्या मारामारीत एकाची करंगळी तुटली, कलम ३२६ खाली तीन वर्षांची शिक्षा झाली, आणि पुढे गाव एकच असल्याने दोन्ही घरांनी मिटवून घेतले. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दोषसिद्धीच रद्द केली. अपील प्रलंबित असताना झालेली तडजोड, गुन्ह्याचे स्वरूप, तडजोड स्वेच्छेने झाली आहे की नाही आणि आरोपीचे आधीचे-नंतरचे वर्तन हे निकष सांगितले, आणि समाजावर आघात करणाऱ्या गुन्ह्यांत हा अधिकार वापरू नये असेही बजावले.

वाट उलटही फिरू शकते. माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांच्या १९८८ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सदोष मनुष्यवधाची दोषसिद्धी साध्या दुखापतीवर आणून एक हजार रुपयांचा दंड केला होता. मे २०२२ मध्ये पुनर्विलोकनात, म्हणजे त्याच न्यायालयाने आपला निकाल पुन्हा तपासताना, दोष तोच ठेवून एक वर्षाची सक्तमजुरी दिली गेली.

शासनाकडून मिळणारी सूट ही यातली नव्हे, हे ग्वाल्हेरच्या आसपास वारंवार सांगावे लागते, कारण १९७२ मध्ये जौऱ्याजवळ जयप्रकाश नारायणांसमोर शस्त्रे ठेवणाऱ्या बागींची, म्हणजे चंबळच्या दरोडेखोरांची, आठवण येथे ताजी आहे आणि त्यांना मुंगावलीच्या खुल्या कारागृहात ठेवल्याचे सगळे जाणतात. शासन तुरुंगवास आटोपता घेऊ शकते. पण सूट मिळाल्याने दोषसिद्धी पुसली जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या सुमारासच एका निवडणूक प्रकरणात ठरवले आहे.

खरी अडचण शिक्षेपेक्षा शिक्क्याची आहे. परिवीक्षा अधिनियमाचे कलम १२ दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता दूर करते, आणि पुष्कळ घरांत 'आता नोकरीला धोका नाही' असा त्याचा अर्थ घेतला जातो. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये तो अर्थ नाकारला : अपात्रता जाते, दोषसिद्धी राहते, आणि ज्या वर्तनामुळे ती झाली त्यासाठी नोकरीतून काढता येते. अठराच्या आतील मुलांचे तेवढे वेगळे आहे; २००६ च्या दुरुस्तीपासून वयाचा मुद्दा अंतिम निकालानंतरही काढता येतो आणि बालन्याय कायदा ठरावीक मुदतीनंतर नोंदी नष्ट करण्याची तरतूदही करतो. बाकीच्यांना पोलीस वा सैन्यभरतीच्या अर्जातील रकाना भरावाच लागतो. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की माहिती खरी दिली पाहिजे. ती खरी दिल्यावर किरकोळ गुन्ह्याकडे नियोक्त्याने तारतम्याने पाहावे, पण उमेदवाराला नेमणुकीचा हक्क त्यातून मिळत नाही.

म्हणून मुदतीला महत्त्व आहे. उच्च न्यायालयातील अपिलाला साठ दिवस, सत्र न्यायालयातील अपिलाला तीस, पुनरीक्षणाला नव्वद. शिक्षा किरकोळ आहे, दंड भरून मोकळे होऊ, असे म्हणून हे दिवस जाऊ देणारे पुष्कळ असतात. नोकरीचा अर्ज हाती आल्यावर ते वकिलाकडे येतात, आणि तेव्हा कलमाविषयी बोलण्याआधी विलंब माफ करण्याचा अर्ज लिहावा लागतो.