उन्हाळी लागली? आधी डबी, मग गोळी
(नौपाड्यातल्या आमच्या लॅबमध्ये येणाऱ्या महिलांसाठी)

सकाळी साडेसातला काउंटरवर ऐकू येणारं वाक्य आम्हाला पाठ झालंय: "उन्हाळी लागलीय. धण्याचं पाणी प्यायले, घरात मागची स्ट्रिप होती त्यातल्या दोन गोळ्या घेतल्या, पण फरक नाही." त्या दोन गोळ्यांनीच घोळ होतो. जंतू पुरते मरत नाहीत, पण कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत, प्लेटवर वाढत नाहीत. रिपोर्ट येतो 'नो ग्रोथ' (जंतू वाढले नाहीत) आणि लघवीची जळजळ तशीच.

बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटीमीटरचा, पुरुषांचा साधारण 20. त्यामुळे जंतूला मूत्राशय जवळ पडतं. हा जंतू बहुतेक वेळा ई. कोलाय, म्हणजे आपल्याच आतड्यातला भाडेकरू. लोकलमध्ये पंचाईत नको म्हणून पाणीच कमी पिणाऱ्यांना तो जास्त छळतो.

गोळी का चालत नाही?
सर्दीसाठी उगाच घेतलेली अँटिबायोटिक आतड्यातही पोचते. तिथले तिला दाद देणारे जंतू मरतात, न देणारे उरतात आणि मोकळ्या जागेत फोफावतात. प्रतिकाराची जनुकं ते एकमेकांना देतातही. पुढच्या वेळी मूत्रमार्गात शिरतात ते हे उरलेले. म्हणून "गेल्या वेळी याच गोळीने बरं वाटलं होतं" हा हिशोब चुकतो. शेजारणीची गोळी तर नकोच. स्ट्रिपवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही.

कल्चरमध्ये आम्ही काय करतो?
रूटीन तपासणी वेगळी, तिच्यात पू आणि रक्ताच्या पेशी दिसतात. कल्चरमध्ये लघवीचा थेंब पुरीएवढ्या प्लेटवर पसरून रात्रभर 37 अंशांना ठेवतो. ई. कोलाय असेल तर सकाळी गुलाबी ठिपके उगवलेले असतात. तो जंतू दुसऱ्या प्लेटवर लावून वर टिकलीएवढ्या कागदी चकत्या ठेवतो, प्रत्येक चकतीत एक औषध. ज्या चकतीभोवती पुरेसं मोठं स्वच्छ वर्तुळ पडतं, ते औषध चालेल: 'एस'. जंतू अगदी चिकटून वाढला तर औषध चालणार नाही: 'आर'. हे वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतो. या सगळ्याला 2 ते 3 दिवस लागतात, घाई करून जंतू लवकर वाढत नाही.

नॉरफ्लॉक्ससिन, सिप्रोफ्लॉक्ससिन या अँटिबायोटिकसमोर 'आर' दिसणं आता नवलाचं राहिलेलं नाही. 'ईएसबीएल' लिहिलं असेल, तर तो जंतू सेफिक्झाइमसारखी औषधं फोडून टाकणारं एन्झाइम बनवतो. उलट 1950च्या दशकातलं नायट्रोफ्युरांटॉइन अजूनही बऱ्याचदा चालतं. पण ते मूत्राशयापुरतं. किडनीपर्यंत गेलेल्या इन्फेक्शनला उपयोगाचं नाही. म्हणून रिपोर्टवर 'एस' पाहून केमिस्टकडे जाऊ नका. निवड डॉक्टरांची.

लॅबवाले असूनही सांगतो, प्रत्येक उन्हाळीला कल्चर लागतंच असं नाही. तरुण, एरवी ठणठणीत बाईला पहिल्यांदाच त्रास झाला, तर डॉक्टर थेट औषध देऊ शकतात. सहा महिन्यांत दोनदा झालं, गोळीने उतार पडला नाही किंवा गरोदरपण असेल, तर मात्र कल्चर कराच. थंडी वाजून ताप, कंबरेच्या वर पाठीत दुखणं, उलट्या असं काही असेल, तर रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

सॅम्पल कसं द्यायचं?
जागा पाण्याने धुवा, पहिली धार सोडून द्या, मधली डबीत घ्या. झाकणाला आतून बोट लावू नका. धुतलेली औषधाची बाटली चालत नाही, कितीही उकळली तरी. दोन तासांत पोचवा. ऊबेत हे जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात, आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये डबी किती वेळ तापेल सांगता येत नाही. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. गोळी आधीच घेतली असेल तर लपवू नका, नाव फॉर्मवर लिहा. स्ट्रिप घेऊन आलात तरी चालेल.

निर्जंतुक डबी काउंटरवर आदल्या दिवशीच मागून न्या. तिचे वेगळे पैसे नाहीत.