अवकाश वाहतूक व्यवस्थापन

अवकाश वाहतूक व्यवस्थापन : पृथ्वीभोवती फिरणारे चालू व निकामी उपग्रह, रॉकेटचे टाकून दिलेले टप्पे आणि त्या सगळ्यांचे तुकडे यांचा सतत मागोवा घेऊन टकरी टाळण्याची व्यवस्था. यातला ‘वाहतूक’ हा शब्द जरा फसवा आहे. रस्त्यावरच्या गाडीला ब्रेक असतो. कक्षेतल्या वस्तूला थांबताच येत नाही आणि तिथल्या बहुसंख्य वस्तूंना चालकच नाही.

१० फेब्रुवारी २००९ रोजी सायबीरियावर सुमारे ७९० किमी. उंचीवर ‘इरिडियम-३३’ हा चालू अमेरिकी दूरसंचार उपग्रह आणि ‘कॉसमॉस-२२५१’ हा केव्हाच बंद पडलेला रशियन उपग्रह एकमेकांवर आदळले. सापेक्ष वेग सेकंदाला ११ किमी.हून अधिक होता. दोन अख्ख्या उपग्रहांची ही पहिलीच टक्कर. तिच्यातून मागोवा घेण्याजोगे दोन हजारांवर तुकडे उडाले. हे दोन उपग्रह जवळून जाणार, हे आधीच्या आकडेमोडीत दिसतही होते. पण त्यांच्यात ५८४ मी. अंतर राहील असा अंदाज होता आणि त्या दिवशीच्या यादीत याहून धोकादायक वाटणाऱ्या इतर जोड्या होत्या.

अंदाज असा चुकतो, कारण उपग्रह सतत कोणाच्या नजरेत नसतो. रडारच्या टापूत तो काही मिनिटे येतो. तेवढ्यात त्याचे अंतर व वेग मोजतात, त्यावरून कक्षा बसवतात आणि पुढचे गणिताने काढतात. पृथ्वीजवळच्या निम्न कक्षेतही विरळ हवा असते. ती उपग्रहाला मागे ओढते. सूर्य खवळला की वातावरण फुगते, ओढ वाढते आणि कालचे गणित आज शिळे होते. सर्वांना मिळणाऱ्या दोन ओळींच्या कक्षा-माहितीत मुळातच किलोमीटरभराची चूक असू शकते. दिवसागणिक ती वाढते, तीही मुख्यतः प्रवासाच्या दिशेने. म्हणून प्रत्येक वस्तूभोवती अनिश्चिततेचा एक लांबट गोळा कल्पून, दोन गोळे कितपत एकमेकांत शिरतात यावरून टकरीची संभाव्यता काढली जाते. ती दहा हजारांत एकापेक्षा जास्त निघाली की बरेच चालक उपग्रह हलवण्याचा विचार करतात. वस्तू नेमकी कुठे आहे यापेक्षा आपण किती चुकत असू, हे कळणे या कामात अधिक मोलाचे.

हलवणे म्हणजे सेकंदाला काही सेंटिमीटर एवढाच वेगबदल, पण तो आधीच करावा लागतो. गंमत अशी, की वेग वाढवला तर उपग्रह उंच चढतो, त्याची फेरी लांबते आणि ठरल्या जागी तो उशिरा पोचतो. बगल द्यायला तेवढा उशीर पुरतो. इंधन मात्र मोजकेच असते. खोट्या इशाऱ्यांमागे धावणे म्हणजे उपग्रहाचे आयुष्य कमी करणे.

दोन्ही उपग्रह चालू असतील तर हटायचे कोणी? त्याला बंधनकारक नियम नाही. १९७२च्या दायित्व करारानुसार अवकाशातल्या नुकसानीबद्दल समोरच्याची चूक सिद्ध करावी लागते. निकामी उपग्रहाच्या माथी ती कशी मारणार? २ सप्टेंबर २०१९ रोजी युरोपीय अवकाश संस्थेने आपला ‘इऑलस’ उपग्रह स्पेसएक्स या अमेरिकी कंपनीच्या ‘स्टारलिंक-४४’ या उपग्रहाच्या वाटेतून वर उचलला. धोका वाढल्याचा निरोप आपल्या चालकांपर्यंत पोचला नाही, संदेश देणाऱ्या यंत्रणेत बिघाड होता, असा खुलासा स्पेसएक्सने केला. त्याआधीचा व्यवहार ई-मेलवर झाला होता. आता स्टारलिंकचे उपग्रह स्वयंचलित पद्धतीने बाजूला होतात. तरी ते कधी, कुठे सरकणार हे शेजाऱ्याला वेळेत कळले नाही, तर त्याचे गणित पुन्हा कोलमडते.

भारताचा या कामाशी संबंध जुना आहे : उपग्रहयुगाच्या आरंभी नैनितालला उपग्रहांची छायाचित्रे टिपणारा बेकर-नन कॅमेरा होता. आज श्रीहरिकोट्याला अनेक वस्तूंचा एकाच वेळी मागोवा घेणारे रडार आहे आणि जुलै २०२२मध्ये बंगळूरला इस्रोचे स्वतंत्र नियंत्रण केंद्र सुरू झाले. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३चे उड्डाण संभाव्य टक्कर टाळण्यासाठी ४ सेकंद पुढे ढकलले गेले. चंद्राभोवतीही गर्दी होऊ शकते. ऑक्टोबर २०२१मध्ये चांद्रयान-२च्या कक्षायानाला नासाच्या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानापासून दूर करावे लागले होते.

२ एप्रिल २०२२च्या रात्री विदर्भाच्या आकाशात जळते पट्टे दिसले आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरीला धातूचे मोठे कडे येऊन पडले. ते चिनी रॉकेटच्या टप्प्याचे अवशेष असावेत, असे जाणकारांनी सांगितले. अशी वस्तू सेकंदाला साडेसात किमी. वेगाने येते, वातावरणात पुनःप्रवेशाची वेळ एका मिनिटाने चुकली तरी पडण्याची जागा साडेचारशे किमी.ने सरकते. त्यामुळे कुठल्या जिल्ह्याला सावध करायचे, हे आदल्या दिवशी सांगता येत नाही.