सोव्हिएत रशियाचा सिव्हिल कोड (१९२२)

रशियन सोव्हिएत प्रजासत्ताकाचा हा दिवाणी कायदा ३१ ऑक्टोबर १९२२ ला मंजूर झाला आणि १ जानेवारी १९२३ पासून लागू झाला. पुढे बऱ्याच कम्युनिस्ट देशांनी असे कायदे केले, त्याची सुरुवात इथून.

क्रांतीनंतर जमिनीची खाजगी मालकी गेलीच होती, एप्रिल १९१८ मध्ये वारसाहक्कही रद्द केला, म्हणजे दिवाणी कायदा ठेवायचा कशाला असंच वातावरण होतं. पण अर्थव्यवस्था पार कोलमडली आणि १९२१ ला लेनिनने नवं आर्थिक धोरण आणून छोट्या व्यापाराला परत मोकळीक दिली, आणि व्यापार म्हटला की करार, उधारी, मालकी हे सगळं आलंच, मग कायदा घाईघाईने करावा लागला. मसुद्याचं मुख्य काम कायदेपंडित गोइखबार्ग यांचं. मांडणी बरीचशी जर्मन दिवाणी कायद्याच्या वळणाची, फक्त कुटुंब, मजुरी आणि जमीन हे विषय बाहेर काढून त्यांना वेगळे कायदे दिले, कारण लग्न किंवा मजुराचे श्रम ही काही बाजारातली वस्तू नाही अशी भूमिका होती.

फेब्रुवारी १९२२ मध्ये लेनिनने न्यायखात्याचे प्रमुख कुर्स्की यांना लिहिलं की आर्थिक व्यवहारात आपण ‘खाजगी’ असं काही मानतच नाही, सरकारला खाजगी करारात हात घालता आला पाहिजे. हेच कलम १ मध्ये उतरलं: हक्काला संरक्षण आहे, पण तो त्याच्या सामाजिक-आर्थिक हेतूच्या विरोधात वापरला तर नाही. हेतू काय ते कोर्ट ठरवणार! माझ्या मते या कायद्यातली सगळ्यात घातक ओळ हीच, कारण हिच्यामुळे कुठलाच हक्क पक्का राहत नाही. कलम ३० ने सरकारचं उघड नुकसान करणारा व्यवहार बाद ठरवला. आणि जुन्या राजवटीतले कायदे किंवा निकाल बघून अर्थ लावायलाही बंदी होती.

सगळंच वाईट होतं असं मात्र अजिबात नाही. कलम ३३ प्रमाणे कोणी अगदी नडलेला असताना त्याच्याकडून उघड तोट्याचा करार करून घेतला असेल तर कोर्ट तो रद्द करू शकायचं. कलम ४०६ तर वाचण्यासारखं आहे, समजा दुकानदाराकडून मजुराला इजा झाली आणि कायद्याने दुकानदारावर जबाबदारी येत नाही असं ठरलं, तरी दोघांची ऐपत बघून कोर्ट दुकानदाराला भरपाई द्यायला लावू शकत होतं. वर्गसंघर्ष थेट नुकसानभरपाईच्या हिशोबात आला तो असा.

वारसाहक्क परत आला पण १०,००० सुवर्ण रूबलच्या (सोन्याच्या भावाने मोजलेल्या रूबलच्या) मर्यादेत, ती मर्यादाही १९२६ मध्ये उठवली. शहरातली जमीन सरकारचीच, त्यावर ठराविक मुदतीसाठी बांधकामाचा हक्क मिळायचा, सुरुवातीला दगडी इमारतीला ४९ वर्षं आणि बाकीच्यांना २० वर्षं.

१९६४ ला नवा कोड आला. तोपर्यंत खाजगी व्यापारी उरलेच नव्हते, त्यामुळे ‘खाजगी’ मालमत्तेच्या जागी ‘वैयक्तिक’ मालमत्ता आली, म्हणजे स्वतःच्या कष्टाची कमाई, घरातल्या वस्तू, आणि एकच राहतं घर, तेही साधारण ६० चौरस मीटरपर्यंत. सोव्हिएत संघ १९९१ ला संपला तरी या कोडचा वारसाहक्काचा भाग रशियात २००२ पर्यंत चालू होता.