पोलिस ठाण्यात तक्रार: हातात कोणता कागद आला, ते आधी पाहा

‘पोलिसांनी तक्रार घेतली, पण पुढे काहीच केलं नाही’ असं कुणी सांगितलं की मी आधी त्यांच्या हातातला कागद बघतो. बऱ्याचदा ती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद निघते, नाहीतर आवक शिक्का मारलेला साधा अर्ज. माणूस मात्र एफआयआर झाला असं समजून दोन महिने वाट बघत बसलेला असतो. ठाण्याबद्दलचे निम्मे गैरसमज या कागदांच्या घोळातूनच जन्माला येतात.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. जुनं कलम १५४ आता कलम १७३ झालं. गुन्हा दखलपात्र असेल, म्हणजे पोलिस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतील असा, चोरी, दरोडा, अपहरण, बलात्कार यांसारखा, तर एफआयआर नोंदवावाच लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात हे स्पष्ट केलं होतं. नव्या कायद्याने एक फट ठेवली आहे. शिक्षा ३ वर्षे किंवा जास्त, पण ७ वर्षांहून कमी असेल, तर उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. त्यामुळे ‘आधी चौकशी करू’ हे उत्तर दर वेळी टाळाटाळच असतं असं नाही. मात्र परवानगी घेतली का आणि १४ दिवस कधी संपतात, हे विचारायला हरकत नाही.

शिवीगाळ, किरकोळ धक्काबुक्की असे प्रकार बहुधा अदखलपात्र ठरतात. त्यांची एनसी होते. एनसीचा तपास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना करताच येत नाही, कलम १७४ तसं बजावतं. ‘एनसी घेतली आणि गप्प बसले’ या तक्रारीत म्हणूनच दर वेळी दम नसतो. एनसीची प्रत घेऊन कोर्टात जायची वाट तुम्हाला मोकळी असते.

आता पात्रता. फिर्याद फक्त पीडितानेच द्यायची असते, हा समज चुकीचा आहे. अब्रुनुकसानी किंवा काही वैवाहिक गुन्हे असे मोजके अपवाद सोडले, तर ज्याला गुन्ह्याची माहिती आहे त्या कुणालाही फिर्याद देता येते. फी नाही, स्टॅम्पपेपर लागत नाही, वकील लागत नाही.

हद्दीचं तर विचारूच नका. नाशिकहून येताना कसाऱ्याच्या आसपास बॅग गेली आणि दादरला उतरल्यावर ते लक्षात आलं, तर दादरच्या लोहमार्ग पोलिसांनी झीरो एफआयआर (हद्द न पाहता नोंदवलेला एफआयआर) घेऊन तो संबंधित ठाण्याकडे पाठवायचा असतो. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. (फलाटावरच्या आरपीएफ म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाशी वाद घालू नका. प्रवाशाच्या सामानाच्या चोरीचा गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे नोंदवला जातो.)

ईमेलने किंवा ऑनलाइन फिर्याद पाठवता येते, पण ३ दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. ती झाल्याशिवाय फिर्याद नोंदीवर येत नाही. पैसे ऑनलाइन गेले असतील, तर ठाण्याचा रस्ता धरण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. रक्कम पुढच्या खात्यांत सरकायच्या आत रोखणं महत्त्वाचं.

आणि तो २४ तासांचा नियम! माणूस बेपत्ता झाला तर एक दिवस थांबा, असा कुठलाही नियम नाही. प्रौढ व्यक्तीची ‘मिसिंग’ लगेच नोंदवता येते. १८ वर्षांखालचं मूल असेल, तर थेट अपहरणाचा गुन्हा दाखल होतो.

कागदपत्रांच्या बाबतीत कायद्याने काहीच सक्तीचं केलेलं नाही. आधार कार्ड नाही म्हणून फिर्याद नाकारता येत नाही. तरी ओळखपत्र, वस्तूचं बिल, गाडीचं आरसी बुक, मारहाण असेल तर दवाखान्याचे कागद आणि साक्षीदारांची नावं जवळ ठेवा. बिलाचा मुद्दा वाटतो त्याहून मोठा आहे. चोरीला गेलेल्या वस्तूची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, तर नव्या कायद्यात ती चोरी अदखलपात्र धरली जाते. म्हणजे तोच मोबाइल ४,८०० चा लिहिला तर एनसी, ६,००० चा लिहिला तर एफआयआर. बिल असेल तर वादच नको. फोनचा आयएमईआय, म्हणजे त्या हँडसेटचा ओळख क्रमांक, खोक्यावर छापलेला असतो. खोकं फेकलं असेल, तर आजच *#०६# दाबून तो वहीत उतरवून ठेवा. तक्रारीची प्रत हाती आली की सीईआयआर या सरकारी पोर्टलवर याच क्रमांकावरून हँडसेट बंद करता येतो.

सही करण्याआधी फिर्याद वाचून दाखवणं बंधनकारक आहे. ती कान देऊन ऐका. ‘चोरीला गेला’ऐवजी ‘गहाळ झाला’ असं लिहिलं असेल तर तिथेच थांबवा. गहाळ दाखल्यावर नवं सिमकार्ड मिळेल, चोरीचा तपास होणार नाही आणि विमा कंपनीही हात वर करेल. वाहनचोरीच्या विम्यासाठी तर एफआयआरनंतर ‘ए समरी’सुद्धा मागतात, म्हणजे गुन्हा खरा पण उघडकीस आला नाही असा अहवाल. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. झेरॉक्सचेही पैसे देऊ नका.

ठाणे अंमलदाराने नकार दिला, तर आधी वरिष्ठ निरीक्षकांना भेटा. तरीही जमलं नाही, तर तक्रारीचा मजकूर स्पीड पोस्टाने पोलिस अधीक्षकांकडे पाठवा. आयुक्तालयात त्या परिमंडळाच्या उपायुक्तांकडे. पोस्टाची पावती जपून ठेवा, कारण पुढची पायरी दंडाधिकाऱ्यांची आहे. तिथल्या अर्जासोबत शपथपत्र लागतं आणि अधीक्षकांकडे आधी गेला होतात हेही दाखवावं लागतं. नेमकी हीच पायरी गाळून लोक धावत कोर्टात जातात आणि परत येतात.

एफआयआर झाला म्हणजे संध्याकाळपर्यंत अटक, असंही नाही. ७ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची गरज नसेल, तर कलम ३५ ची नोटीस देऊन आरोपीला बोलावतात. ‘सेटिंग झाली’ म्हणण्याआधी नोटीस निघाली का, ते विचारा. उलट बाजूने, समेट झाला म्हणून फिर्यादीला ठाण्यात जाऊन एफआयआर मागे घेता येत नाही. तडजोड कोर्टासमोर होते, तीही ठरावीक गुन्ह्यांतच. एफआयआर रद्द करून घ्यायचा तर उच्च न्यायालयात जावं लागतं.

तपास कुठवर आला, हे पोलिसांनी फिर्यादीला ९० दिवसांच्या आत कळवायचं असतं. फोनवर किंवा मेसेजवर कळवलं तरी चालतं, म्हणून फिर्यादीत चालू असलेलाच नंबर द्या.