कृषी वाहिन्यांचे सौरीकरण

शेतीपंपांना वीज पुरवणाऱ्या 11 केव्ही (किलोव्होल्ट) वाहिन्या ज्या 33/11 केव्ही, म्हणजे 33 केव्हीची वीज 11 केव्हीवर उतरवणाऱ्या उपकेंद्रातून निघतात, त्या उपकेंद्राजवळ लहान सौर प्रकल्प उभारून ती वीज दिवसा त्याच वाहिन्यांवर देण्याची पद्धत. महाराष्ट्रात 2017 मध्ये ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना’ या नावाने ती सुरू झाली आणि 2023 मध्ये तिची दुसरी, बरीच मोठी आवृत्ती आली. केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेतील (2019) ‘क’ घटकातून तिला अनुदान मिळते.

योजनेचे मूळ सौरऊर्जेपेक्षा वीजदराच्या राजकारणात जास्त आहे. वीज हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येणारा विषय. वीज कायदा 2003 नुसार राज्याला शेतीला स्वस्त वीज द्यायची असेल, तर त्याची रक्कम वितरण कंपनीला आगाऊ द्यावी लागते. प्रत्यक्षात ती उशिरा येते, आणि अनुदानातून न भागणारा बोजा उद्योग व व्यापारी ग्राहकांच्या वाढीव दरावर टाकला जातो. यालाच क्रॉस सबसिडी म्हणतात. शेतीचा दर वाढवणे कोणत्याच पक्षाला परवडत नाही. 2004 च्या विधानसभा निवडणुकीआधी राज्याने शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली आणि निवडणूक झाल्यावर 2005 मध्ये ती मागे घेतली. वीज दुरुस्ती विधेयक मागे घ्या, ही दिल्लीच्या सीमेवरील 2020-21 च्या शेतकरी आंदोलनाचीही एक मागणी होती. दर वाढवता येत नाही, तर विजेचा खर्चच कमी करायचा, हा सौरीकरणामागचा हिशेब. प्रकल्पाची वीज युनिटला साधारण 3 रुपयांत थेट उपकेंद्रात मिळते. औष्णिक केंद्रातून पारेषणाचा खर्च आणि गळती सोसून शेतापर्यंत पोचणारी वीज याहून बरीच महाग पडते.

दुसरी मागणी वेळेची. सौरीकरण न झालेल्या कृषी वाहिन्यांना आळीपाळीने काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री वीज मिळते. रात्री दारं धरताना (पिकाला पाणी देताना) साप आणि बिबट्याची भीती. दिवसा 10 तास वीज द्या, यासाठी शेतकरी नेते राजू शेट्टी यांनी फेब्रुवारी 2022 मध्ये कोल्हापुरात धरणे धरले होते.

योजना राबवायची तर कृषी वाहिनी गावातल्या घरांना वीज देणाऱ्या गावठाण वाहिनीपासून वेगळी असावी लागते. प्रकल्पाचा आकार अर्ध्या मेगावॅटपासून 25 मेगावॅटपर्यंत. एका मेगावॅटला 4 ते 5 एकर जमीन लागते आणि वर्षाला 16 ते 17 लाख युनिट मिळतात. 5 अश्वशक्तीचा पंप पूर्ण भाराने साधारण साडेचार किलोवॅट वीज घेतो. म्हणजे भर दुपारी, गळती सोडली तर, एका मेगावॅटवर एकाच वेळी सव्वादोनशेच्या आसपास पंप चालतात. खासगी जमिनीला हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे, त्यात दरवर्षी 3 टक्के वाढ. वीजखरेदी करार 25 वर्षांचा.

बिघडते ते मुख्यतः उपकेंद्रात आणि डीपीवर (शेताजवळच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरवर). उपकेंद्राची 33 केव्ही लाइन बंद पडली की कडक उन्हातही इन्व्हर्टर आपोआप थांबतात, कारण ग्रिडच्या व्होल्टेजशिवाय ते चालत नाहीत. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ते आवश्यकही आहे. त्यामुळे ‘सोलर आलं, आता वीज जाणार नाही’ हा गावातला समज खोटा ठरतो. दुसरे दुखणे ऑटोस्विचचे. वीज परत आली की वाहिनीवरचे सगळे पंप एकदम सुरू होतात, सुरुवातीला मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, व्होल्टेज पडते आणि डीपी जळतो. पंपाला कॅपॅसिटर नसेल तर आणखी बिकट: इन्व्हर्टर बहुधा निव्वळ सक्रिय, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारी ऊर्जा देतात, मोटरचे चुंबकीय क्षेत्र टिकवायला लागणारी प्रतिघाती ऊर्जा ग्रिडमधूनच येते आणि उपकेंद्राचा पॉवर फॅक्टर (एकूण विजेतला प्रत्यक्ष कामाचा वाटा) घसरतो. पावसाळ्यात पंप बंद, पण प्रकल्प चालू. मग वीज उलटी 33 केव्हीकडे जाते. उपकेंद्राचे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) आणि संरक्षण यंत्रणा त्या बेताची नसेल तर प्रकल्प कमी क्षमतेने चालवावा लागतो.

जमिनीचा प्रश्न तांत्रिक नाही, म्हणूनच जास्त चिघळतो. कागदावर गायरान सरकारी आणि मोकळे दिसते. प्रत्यक्षात तिथे गुरे चरतात, कोणी पिढ्यान्‌पिढ्या कसत असतो. मोजणीला माणसे आली की विरोध सुरू होतो. ग्रामपंचायतीला अनुदानाची तरतूद आहे, पण ते पंचायतीला मिळते, चराई गमावणाऱ्याला नाही.

केंद्राच्या धोरणाचा धक्काही खालपर्यंत बसतो. एप्रिल 2022 पासून आयात सौर पॅनेलवर 40 आणि सेलवर 25 टक्के मूळ सीमाशुल्क लागले. देशी कारखानदारीला हे हवे होते. पण युनिटचा दर 25 वर्षांसाठी बांधून घेणाऱ्या विकासकाला (प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीला) पॅनेलची भाववाढ सहसा वीज घेणाऱ्यावर टाकता येत नाही. मग निविदांना प्रतिसाद थंडावतो किंवा दर वाढवून मागितला जातो.

अनेक पंपांना मीटर नसणे हा जुना दोष मात्र तसाच राहतो. त्यांचे बिल अश्वशक्तीवर निघते. शेतीच्या नावावर गळती लपवली जाते हा आरोप त्यातूनच येतो. वाहिनीच्या मीटरवरून निदान एकूण वापर तरी कळतो. भूजलाचे काय, याचे उत्तर योजनेत नाही: दिवसा खात्रीची, तीही फुकट वीज मिळाल्यावर बोअर बंद ठेवायला कोणालाच कारण उरत नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज देणारी राज्याची योजना एप्रिल 2024 पासून पाच वर्षांसाठी आहे; सौर प्रकल्पांचे करार त्यानंतरही दोन दशके चालू राहतील.