चौदा नंबरची जर्सी कुणाला? वादामागची पार्श्वभूमी

मंगळवारी दुपारी चार वाजता ऑस्ट्रेलियातल्या सर्वोच्च रग्बी लीग स्पर्धेचे संघ जाहीर होतात आणि पाच मिनिटांत प्रशिक्षकांचा उद्धार सुरू होतो. पहिल्या तेरा नावांवर फारसं कुणी हुज्जत घालत नाही. 2025 च्या हंगामापर्यंत जुंपायची ती 14 ते 17 या बेंचवरच्या चार राखीव खेळाडूंवरून, आणि सगळ्यात जास्त 14 वरून.

1906 साली रग्बी लीगच्या संघात पंधराचे तेरा खेळाडू झाले तेव्हा बेंच नव्हतंच. प्रशिक्षकाला दोषही देता येत नसे, कारण प्रातिनिधिक संघ निवड समिती ठरवायची. त्या काळातली गाजलेली निवड म्हणजे 1980 ची. क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांमधल्या पहिल्या 'ओरिजिन' सामन्यासाठी क्वीन्सलंडने 35 वर्षांच्या, क्लबच्या राखीव संघात खेळणाऱ्या प्रॉपला (आघाडीच्या फळीतल्या धिप्पाड गड्याला) थेट कर्णधार केलं. ब्रिस्बेनच्या लँग पार्कवर त्याचा संघ 20-10 ने जिंकला, टीकाकार गप्प बसले. हरले असते तर काय झालं असतं, हे सांगायला नको.

आता घोळ शब्दाचा. मराठीत आपण सरसकट 'बदली खेळाडू' म्हणतो, आणि क्रिकेटमुळे डोळ्यांसमोर येतो तो फक्त क्षेत्ररक्षण करणारा बारावा गडी. रग्बी लीगमध्येही 1960 च्या दशकात बदली आला तो आधी जखमी माणसाच्या जागी. बाहेर गेलेला परत येत नसे. आजचा प्रकार वेगळा. ही अदलाबदल आहे: बाहेर गेलेला दम खाऊन पुन्हा आत येतो. 1990 च्या दशकात ऑस्ट्रेलियात तिला मर्यादा नव्हती, त्यामुळे बेंचवर चार धिप्पाड फॉरवर्ड, म्हणजे धडका देणारे पुढच्या फळीतले गडी, बसवले की काम भागायचं. मग 2001 मध्ये 12 बदलांची मर्यादा आली, 2008 मध्ये 10, 2016 मध्ये 8.

खरा वाद या आठात होता. दोन प्रॉप बाहेर जाऊन परत आले की चार बदल खर्ची पडतात. लॉकला, म्हणजे आणखी एका फॉरवर्डला, तशीच विश्रांती दिली की सहा. उरलेल्या दोनांत हुकरला (अडवणुकीनंतर चेंडू उचलून खेळ पुढे नेणाऱ्याला) बदलायचं की एखाद्याचा खांदा निखळेल म्हणून हातचे राखायचे? चौदा नंबरला 'युटिलिटी' ठेवला, म्हणजे हुकर, हाफबॅक (चाली रचणारा), वेळ पडली तर मागच्या फळीत सेंटरलाही खेळणारा, तर रगड्याच्या कामाला तीनच फॉरवर्ड उरायचे. नाही ठेवला आणि दहाव्या मिनिटाला हाफबॅक लंगडू लागला, तर त्या जागी सेकंड रोअर, म्हणजे एखादा फॉरवर्डच, उभा करावा लागायचा. ते दृश्य बघवत नसे.

जुने जाणकार युटिलिटीला 'वाया घालवलेली खुर्ची' म्हणतात, कारण तो कधीकधी सत्तराव्या मिनिटापर्यंत ट्रॅकसूटमध्येच असतो. मला हे पटत नाही. 2020 पासून रकमधल्या (टॅकल म्हणजे अडवणूक झाल्यावर चेंडूभोवती होणाऱ्या झटापटीतल्या) बऱ्याच चुकांना पेनल्टीऐवजी चेंडू असलेल्या संघाच्या सहा टॅकलची मोजणी नव्याने सुरू होऊ लागली. पेनल्टीच्या निमित्ताने मिळणारी उसंत गेली. शेवटच्या पंधरा मिनिटांत शंभर-सव्वाशे किलोची माणसं गुडघ्यांवर हात टेकून उभी असतात, आणि ताज्या पायांचा चपळ हुकर त्यांच्यामधूनच निसटतो.

2021 मध्ये अठरावा गडीही आला, पण तो डोक्याच्या दुखापतींसारख्या ठरावीक प्रसंगांपुरताच; प्रशिक्षकाला मनात येईल तेव्हा त्याला उतरवता येत नसे. त्यामुळे चौदाचा पेच तसाच राहिला. प्रशिक्षकही वस्ताद. मंगळवारी यादीत चौथा प्रॉप दाखवायचा, आणि सामन्याच्या तासभर आधी अंतिम सतरा देताना त्याच्या जागी युटिलिटी घुसवायचा.