वाटखुणा (डोंगरवाटांचं मार्किंग)

डोंगरातल्या पायवाटेवर झाडावर, कातळावर किंवा खांबावर रंगवलेल्या खुणा आणि त्यासोबत येणारी वाटेची डागडुजी, या दोन्हींना मिळून हे नाव. काम बऱ्याच देशांत हौशी स्वयंसेवकच करतात, आणि वाट एका देशातून दुसऱ्या देशात उतरते तिथे एकमेकांची पद्धत शिकून घ्यावी लागते. मुंबईतून शेवटची कसारा लोकल पकडून डोंगरात जाणाऱ्यांना बाण म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

उगम

पहिली खूण कुणी रंगवली यावर एकमत नाही. फ्रेंच लोक हा मान क्लोद-फ्रांस्वा देनकूरला देतात. नेपोलियनच्या सैन्यातला हा जुना शिपाई, त्याने पॅरिसजवळच्या फोंतेनब्लोच्या जंगलात साधारण १८४० च्या दशकात निळे बाण काढून फिरायच्या वाटा आखल्या. दुसरं मत अल्सासमधल्या (आताचा पूर्व फ्रान्स) व्होज क्लब या डोंगरभटक्यांच्या संस्थेच्या बाजूने आहे, तो १८७२ चा, तेव्हा तो भाग जर्मनीत होता. देनकूर काळाने आधीचा हे खरंच, पण एका माणसाने हौसेने रंगवलेलं जंगल आणि क्लबने वर्षानुवर्षं सांभाळलेलं वाटांचं जाळं यात फरक आहे, त्यामुळे पद्धत म्हणून सुरुवात व्होजपासून धरणं जास्त पटतं. चेक पर्यटक क्लब १८८८ चा, आणि त्यांची पहिली वाट पुढच्याच वर्षी प्रागच्या दक्षिणेला व्ल्टावा नदीकाठी.

आपल्याकडे कुणीतरी नाणेघाटाचं नाव पुढे करतंच. तिथला सातवाहन शिलालेख साधारण इसपू. पहिल्या शतकातला मानतात, काही अभ्यासक थोडा मागे-पुढे नेतात. पण तो जकातीचा व्यापारी घाट, पायऱ्या आणि टाकी असलेला. वाटखुणांच्या इतिहासात त्याला ओढायचं कारण दिसत नाही.

खुणांच्या पद्धती

चेक खूण म्हणजे दहा सेंटिमीटरचा चौकोन, वर-खाली पांढरा पट्टा, मध्ये रंगीत. लाल लांब पल्ल्याच्या किंवा धारेवरच्या वाटेला, निळा महत्त्वाच्या वाटांना, हिरवा स्थानिक, पिवळा छोट्या जोडवाटांना. दरवर्षी साधारण एक तृतीयांश जाळं पुन्हा रंगवतात म्हणजे तीन वर्षांत सगळं फिरून होतं, ही शिस्तच खरी कमाल. स्लोव्हेनियात लाल कड्यातला पांढरा ठिपका चालतो, तो १९२२ च्या सुमारास आलोइझ क्नाफेल्त्सने सुचवला आणि पुढे युगोस्लाव्हियाभर पसरला. देश फुटला, ठिपका राहिला. फ्रान्समध्ये पांढऱ्याखाली लाल पट्टी. अमेरिकेतल्या अपालाचियन वाटेवर दोन इंच रुंद, सहा इंच उंच पांढरी पट्टी, आणि एकावर एक दोन पट्ट्या दिसल्या की पुढे वळण आहे.

सीमेपलीकडे

पोलंड-चेक सीमेवरच्या कर्कोनोशे डोंगररांगेच्या धारेवर दोन्हीकडे तीन पट्ट्यांचीच खूण असल्याने चालणाऱ्याला देश बदललेला कळतही नाही. अल्बानिया, कोसोवो आणि माँटेनेग्रो जोडणाऱ्या १९२ किमीच्या 'पीक्स ऑफ द बाल्कन्स' वाटेवर सीमा ओलांडायचा परवाना आधीच काढावा लागतो. जॉर्जिया आणि आर्मेनियातल्या ट्रान्सकॉकेशियन ट्रेलवर साधारण २०१० च्या दशकाच्या मध्यापासून देशोदेशीचे स्वयंसेवक कॅम्प करून वाट खणायला शिकतात.

शिकवणीत रंग सगळ्यात शेवटी येतो. आधी वाट परक्या माणसासारखी चालून बघायची, जाताना वेगळी, येताना वेगळी, कारण खूण दोन्ही दिशांनी दिसली पाहिजे. मग वाढलेल्या फांद्या छाटायच्या, तारेच्या ब्रशने शेवाळ आणि सुटी साल खरवडायची, आणि मगच साचा लावून रंग. फाट्याच्या आधी एक खूण, फाट्यावर एक, आणि वळल्यावर थोड्या अंतरात 'बरोबर आहात' सांगणारी तिसरी. जास्त खुणा हाही दोषच. वाटेचा मुख्य शत्रू मात्र पाणी, म्हणून उतारावर तिरके आडवे दगड बसवून पाणी बाहेर काढतात, नाहीतर दोन पावसात वाटेचा ओढा होतो.

सह्याद्रीत

सगळीकडे चालणारं एकच चिन्ह इथे नाही. ज्याच्याकडे जो रंग तो बाण, कुठे दगडांची रास. नवखे लोक सुट्या धोंड्यावर बाण काढतात, पावसाळ्यात धोंडा फिरतो आणि बाण भलत्याच नाळेकडे (डोंगरातली अरुंद घळ) दाखवतो. म्हणून अखंड कातळावर, तेही पाऊस संपून दगड पूर्ण वाळल्यावर रंगवणं बरं. मुंबईकर कळसूबाईसारखे डोंगर रात्री चढतात, तेव्हा टॉर्चच्या उजेडात काळ्या कातळावर पांढराच रंग आधी दिसतो. ढोरवाटा ही वेगळीच भानगड, त्या मुख्य वाटेपेक्षा जास्त मळलेल्या असतात, तिथे 'इकडे नको' सांगणारी फुलीची खूण बाणापेक्षा उपयोगाची.

सीमा इथेही आहेतच. हरिश्चंद्रगड ठाणे, पुणे आणि नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांच्या हद्दीवर, शिवाय अभयारण्यात, त्यामुळे वनखात्याला विचारल्याशिवाय ब्रश काढू नये. संरक्षित स्मारकावर रंग लावणं १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याने गुन्हाच आहे, मग तो बाण असो की प्रेयसीचं नाव. आणि गावातल्या ठाकर, महादेव कोळी पोरांचं वाटाड्या म्हणून पोट या वाटांवर असतं, म्हणून कुठे खूण करायची हे आधी त्यांच्याशी बसून ठरवावं, एखादी वाट बिनखुणेची ठेवा म्हणाले तर ठेवावी.